लाभाचा दाणा

आमच्या बियाणे तपासणी केंद्रात मी अकरा वर्षं प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे सह्या करणारी. बीडहून नेकनूरकडे जाताना रस्त्याला लागून कंपनीचं गोदाम आहे, त्याच्या मागच्या अंगाला आमच्या चार खोल्या. एक थंड, एक दमट, एक मोजणीची आणि एक माझी. कंपनी परदेशी आहे. तिचं मुख्यालय युरोपात आहे, ते मी पाहिलेलं नाही आणि त्यानंही आम्हाला पाहिलेलं नाही. आम्ही त्याला नुसतं 'तिकडं' म्हणतो. तिकडून मेल आलाय, तिकडं सुट्टी आहे, तिकडं विचारावं लागेल. मध्ये हैदराबादचं ऑफिस आहे. ते तिकडचं सगळं इकडं पाठवतं आणि वर आपली एक ओळ जोडतं, की तातडीने कार्यवाही व्हावी.

तिकडच्यांचा आमच्यावर जीव आहे, हे मान्य करायला हवं. एकदा त्यांनी परिपत्रक काढलं, की पार्किंगमध्ये बर्फ साचला असेल तर सावकाश चालावं आणि खाचांच्या तळव्याचे बूट घालावेत. ते निघालं जानेवारीत, पण मधल्या ऑफिसात मुक्काम करून आमच्याकडं पोचलं मे महिन्यात. गोदामाचा पत्रा असा तापला होता की आत उभं राहवत नव्हतं. पण परिपत्रक फलकावर लावायचं, त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि फोटो काढून पाठवायचा, असा नियम आहे. लावलं. मोजणीच्या मावशी पदरानं घाम पुसत आल्या.

"काय लिवलंय म्याडम?"

"बर्फावरनं जपून चाला म्हणतायत."

"बरं," म्हणाल्या, आणि सही करून गेल्या.

या मावशी म्हणजे आमच्या केंद्राचे हात. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून आहेत. रोज नेकनूरहून बसनं येतात, डबा खिडकीत ठेवतात, हात धुतात आणि मोजायला बसतात. सातवी शिकलेल्या. मुलगी अंबाजोगाईला नर्सिंगला आहे, ती या मोजणीवरच. कंपनीच्या कागदावर मात्र त्या नाहीत. त्या ठेकेदाराच्या यादीत आहेत आणि त्या यादीत त्यांचं नाव 'हेल्पर-३' असं आहे. हेल्पर-१ आणि हेल्पर-२ कधीच सोडून गेले, तरी मावशींची बढती काही झाली नाही.

काम असं. कुठलंही बियाणं बाजारात जायच्या आधी किती उगवतं ते बघायचं. वाळूचे चार ट्रे घ्यायचे, प्रत्येकात शंभर दाणे लावायचे, सातव्या दिवशी वर आलेली रोपं मोजायची. शंभरातले जितके उगवले तितके टक्के. वाळू गेवराईकडची, गोदावरीची. तिकडून एकदा विचारणा झाली, की वाळूच्या खरेदीची पावती का जोडली नाही. गेवराईची वाळू आणि तिची पावती या दोघी एका घरात कधी नांदल्या नाहीत, हे इंग्रजीत कसं लिहावं ते मला सुचेना. मी लिहिलं, 'पावती मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत.' ते प्रयत्न अजून चालू आहेत.

तर, मोजणार मावशी, लावणार मावशी, आणि ट्रेच्या लेबलवर 'तपासले' या शब्दापुढं सही माझी. दिवसाला कधी चाळीस ट्रे, कधी साठ. मी एका दमात सगळ्या सह्या मारायची.

मागच्या वर्षी तिकडून सगळ्या देशांतल्या केंद्रांची परीक्षा निघाली. एकाच पोत्यातला मका सीलबंद पाकिटांतून सगळीकडं पाठवला, आणि बघू कोण काय उत्तर देतं ते. मका एक नंबर होता, दाणा न् दाणा टपोरा. सातव्या दिवशी नेमकी मी रजेवर. भाचीचं लग्न लिंबागणेशला होतं. मावशींनी मोजलं, काॅम्प्युटर ऑपरेटरनं आकडे भरले: एकशे एक, एकशे एक, शंभर, एकशे एक. संगणकानं लाल चौकट दाखवून विचारलं, खात्री आहे का? त्यानं 'हो' दाबलं. खात्री होतीच त्याची, समोर रोपं उभी होती.

म्हणजे शंभर दाणे पेरले आणि आमच्याकडं शंभराहून जास्त उगवले. जगात कुठल्याच केंद्राला हे जमलं नव्हतं.

मी लग्नाचा शालू बॅगेत कोंबून ऑफिसला आले तेव्हा तिकडचा मेल येऊन पडला होता. अत्यंत सभ्य. 'तुमचे निष्कर्ष उल्लेखनीय आहेत. यामागील जीवशास्त्र समजून घ्यायला आम्हाला आवडेल.' संध्याकाळी व्हिडिओवर मीटिंग झाली. तिकडच्या बाई हसतमुख, मागं फुलदाणी. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की बनावट आकडे ही कंपनीत सर्वांत गंभीर गोष्ट समजली जाते. सात दिवसांत कारण आणि जबाबदार व्यक्ती कळवा, नाहीतर केंद्राची मान्यता जाईल आणि मोजणी हैदराबादच्या मशीनवर होईल. मग पुन्हा हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडं हवा छान दिसते आहे. माझ्या मागं पंखा गरगरत होता.

सोबत एक फाॅर्म होता. त्यात एकाखाली एक पाच वेळा 'का?' छापलेलं. पहिल्या 'का'चं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, असं पाच वेळा खणत गेलं की मूळ कारण सापडतं, असं तिकडं मानतात. आणि सगळ्यात खाली एक चौकट: जबाबदार व्यक्तीचे पूर्ण नाव.

ही चौकट मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटी वाॅचमननं शिडी वाटेत ठेवली आणि हैदराबादहून आलेले साहेब तिला अडखळले. वाॅचमनचं नाव त्या चौकटीत गेलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याला फाटकावरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आज आलोय त्याचं काय, असं त्यानं विचारलं, तर आजही नका म्हणाला.

मी मावशींना आत बोलावलं. खरं सांगायचं तर तापलेच होते. मला राग पटकन येतो, तो जायला मात्र वेळ लावतो.

"मावशी, ट्रेमधी दाणे किती लावता?"

"शंभर."

"मग एकशे एक कुठनं आले? आभाळातनं पडले का?"

"त्यो लाभाचा हाय ना," मावशी म्हणाल्या. भिंतीवर घड्याळ आहे ना, इतक्या सहज.

त्यांनी मला मोजणीच्या खोलीत नेलं आणि ट्रे दाखवला. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. आणि डाव्या कोपऱ्यात, ओळींच्या बाहेर, एक दाणा एकटा. सगळ्या ट्रेमध्ये तसाच. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, हे मला माहीत होतं. माझ्या माहेरी, गेवराईकडं, खळ्यावर लाभ, दोन, तीन असंच मोजायचे. पण आमच्यात लाभ म्हणजेच एक. मावशींच्या घरची रीत वेगळी. त्यांचा लाभ बाजूला, आणि एक त्याच्यानंतर सुरू. सातव्या दिवशी हिरवं दिसेल ते सगळं मोजायचं, त्यात कोपऱ्यातलंही आलं. एरवी काही दाणे मरतातच, त्यामुळं आकडा शंभरच्या आतच राही आणि कुणाला काही कळत नसे. अकरा वर्षं आमचे सगळे आकडे थोडे थोडे फुगलेले होते, आणि पुरावा रोज माझ्यासमोर कोपऱ्यात उगवत होता.

आम्ही परत माझ्या खोलीत आलो, मी खुर्चीवर बसले. फाॅर्म पुढं ओढला.

"मावशी, आता मी पाच वेळा विचारणार. चिडायचं नाही."

"मी कशाला चिडू? चिडता तर तुमी."

"कावून लावता लाभाचा?"

"पयला मोजत न्हाईत."

लिहिलं. "कावून मोजत नाहीत?"

"पयला आपला नस्तो."

"कावून नसतो आपला?"

"आपुन कुटं बनिवलाय त्यो?"

हे इंग्रजीत उतरवायला मला वेळ लागला. मग विचारलं, "बरं, हे मला आधी कावून नाही सांगितलं? याआधीही दोन-चारदा एकशे एक आले असतील की."

"आलते की. सांगाया आलते. तुमी म्हनलात, शंभरात एकशे एक उगिवतेत व्हय, डोकं ठिकाण्यावर हाय का. आन शंभर लिवून टाकलं."

हे खरं होतं. शब्द न् शब्द माझे होते. चार 'का' झाले, पाचवा उरला होता. मी काही बोलायच्या आधी मावशीच म्हणाल्या, "तवा तुमी कावून न्हाई इचारलं म्याडम?" त्यांनी टोमणा मारला नव्हता. बिचाऱ्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पाचव्या 'का'पुढं मी लिहिलं, 'केंद्रप्रमुखांनी विचारले नाही.' तिकडची पद्धत चांगली आहे, खणत गेलं की सापडतंच.

दुसऱ्या दिवशी मावशी इस्त्रीचं पातळ नेसून आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड.

"आपरेटर म्हनला, तिकडनं नाव इचारलंय."

"कुणाचं नाव?"

"मोजनाऱ्याचं. फारमात खाली रकाना हाय म्हनं." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "अकरा वर्सं झाली, तिकडनं माजं नाव कुनी इचारलं न्हवतं. लेकीला फोन करून सांगिटलं राती. ह्यात मालकाचं नाव चुकीचं पडलंय, तसं लिवू नगा. मी सांगते तसं लिवा."

'बघते,' मी म्हणाले. त्या कार्ड तिथंच ठेवून गेल्या.

मी दार लावून घेतलं आणि चौकटीत माझं नाव लिहिलं. यात थोरपणा वगैरे काही नाही, उगीच कुणी गैरसमज करून घेऊ नये. 'तपासले' या शब्दापुढं अकरा वर्षं माझी सही होती आणि एकही ट्रे मी कधी मोजला नव्हता. कुणी नियमावर बोट ठेवून पाहिलं असतं तरी जबाबदार मीच निघाले असते. शिवाय मला त्या चौकटीचा राग आला होता. एवढ्या वर्षांत नाव विचारायला त्यांना दुसरी जागा सापडली नाही? मेल पाठवला, कार्ड मावशींना परत दिलं, म्हटलं काम झालं.

निकाल आला. मला ताकीदपत्र, ज्याच्या पहिल्या ओळीत माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार होते. केंद्राची मान्यता राहिली, पण सहा महिने नजरेखाली. आणि मोजणी करणाऱ्यांना प्रशिक्षण. ते व्हिडिओवर झालं. तिकडच्या एका गृहस्थानं कॅमेऱ्यासमोर चिमट्यानं एक ते शंभर दाणे मोजून दाखवले, मध्ये एकदा चुकला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मावशी हात जोडून शेवटपर्यंत बसल्या. "लई सावकाश मोजतो," एवढंच म्हणाल्या.

मग तो फाॅर्म फलकावर लावायची वेळ आली. नियम. बर्फाच्या परिपत्रकाशेजारी लावला. मावशींना इंग्रजी येत नाही, पण माझ्या दारावरची पाटी त्यांनी अकरा वर्षं पुसली आहे. चौकटीतली अक्षरं त्यांनी लगेच ओळखली.

"हितं बी तुमचंच नाव."

"अहो मावशी, ही जागा सत्काराची नाही. चूक ज्याची, त्याचं नाव लिहायचं असतं तिथं."

"मंग चूक कुनाची?"

मी फलकावरची टाचणी पुन्हा दाबून बसवू लागले.

"दाणा लावला मी. मोजला मी. चुकले बी मीच. आन नाव तुमचं."

"नाव गेलं असतं ना, तर नोकरी गेली असती तुमची!" मी ओरडलेच. "त्या शिडीवाल्याचं काय झालं, दिसलं नाही का?"

"दिसलं की," मावशी म्हणाल्या. "भ्याले असते मी. नगा लिवू म्हनलेबी असते. पर मला इचारायचं तरी."

आणि त्या मोजायला निघून गेल्या. त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. हो म्याडम, न्हाई म्याडम, ट्रे झाले म्याडम. दुपारी डबा खाताना त्या मला रोज ठेच्याची बोटभर चटणी द्यायच्या, तीही बंद झाली. मला फार वाईट वाटलं, सरळच सांगते. त्यांची नोकरी मी वाचवली होती, आणि तरी तिकडची माणसं आणि मी यांच्यात त्यांच्या लेखी फरक उरला नव्हता. ती आम्हाला न विचारता बर्फापासून वाचवत होती, मी मावशींना न विचारता चौकटीपासून.

सोळाव्या दिवशी मी मोजणीच्या खोलीत गेले. सहा महिन्यांच्या अहवालात 'केलेली सुधारणा' असा एक रकाना भरायचा होता. स्टूल ओढून मावशींसमोर बसले.

"मावशी, एक विचारायचंय."

त्यांनी हातातली ओळ पुरी केली. मग वर बघितलं.

"आतापासनं लेबलवर मोजणाऱ्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं, असं करावं म्हणते. तुमच्या हातानं. पण ऐका, ट्रे चुकला तर तो तुमच्या नावावर जाईल. मी मधी येऊ शकणार नाही. लिहायचं का?"

मावशींनी ट्रेमधली वाळू हातानं सपाट केली. मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष अजून बाकी होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"लिवते," म्हणाल्या. "पेन द्या."

त्यांनी लिहिलं. स्वतःचं, मालकाचं, आडनाव, सगळं देवनागरीत, ऐसपैस. लेबल संपलं. बियाण्याचा नंबर कडेला उभा लिहावा लागला. मग मी तो ट्रे पुढं घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मोजला. शंभर होते. लाभाचा दाणा मावशींनी आधीच खिडकीत डब्याशेजारी काढून ठेवला होता. त्या दिवशी चटणी मिळाली.

महिनाभरानं तिकडचा मेल आला, लेबलांचे फोटो जोडून. प्रत्येक फोटोत नावाभोवती लाल गोल. 'आपल्या लेबलांवर अनोळखी लिपीतील मजकूर आढळतो. तो काय आहे, कृपया स्पष्ट करावे.' वर मधल्या ऑफिसची ओळ, तातडीने कार्यवाही व्हावी. माझी तार सटकली. दोन ओळींचं तिखट उत्तर मी टाइप केलं, मग पुसलं, आणि उठून मोजणीच्या खोलीत गेले.

"मावशी, तिकडनं मेल आलाय."

"काय म्हनतेत?"

"तुमचं नाव विचारतायत."

मावशींनी चिमटा खाली ठेवला. हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यामागं ऑफिसात आल्या. संगणकासमोर उभ्या राहून त्यांनी एकेक शब्द सांगितला. मालकाचं नाव दोनदा सांगितलं. मी ते इंग्रजीत लिहिलं आणि पाठवण्याआधी एकेक अक्षर तपासलं. या वेळी खरंच तपासलं.